विधिमंडळाच्या खर्चाचा हिशेब एका पानावर मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन गोंधळात वाहून गेले की दुसऱ्या दिवशी ठरलेला आकडा छापून येतो : सभागृहाच्या एका मिनिटाला इतके हजार, एका दिवसाला इतके कोटी. विधिमंडळाची वर्षभराची तरतूद घ्यायची, बैठकांच्या दिवसांनी भागायची, मग तासांनी, मग मिनिटांनी. वाचणाऱ्याला संताप यायला तो पुरेसा असतो. हिशेब म्हणून मात्र तो दोन्ही बाजूंनी फसतो आणि त्यामुळे खरा प्रश्न बाजूलाच राहतो. म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे. जागा द्यावी ही विनंती.

पहिली बाजू अशी. विधिमंडळाच्या खर्चात मोठा वाटा पगारांचा असतो. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८, म्हणजे एकूण ३६६ सदस्यांचे वेतन-भत्ते आणि सचिवालयातील कर्मचाऱ्यांचे पगार हे सभागृह चालो, तहकूब होवो वा वर्षाचे उरलेले महिने बंद असो, दरमहा जातातच. एक दिवस वाया गेला म्हणून त्यातला रुपयाही जास्त जात नाही आणि दिवसभर उत्तम चर्चा झाली म्हणून वाचतही नाही. बैठकीच्या दिवसामुळे वाढणारा खर्च म्हणजे दैनिक भत्ता, प्रवास, वीज, छपाई, जादा बंदोबस्त. तो तुलनेने थोडा. वाया गेलेल्या दिवसाचे खरे नुकसान दुसरीकडे होते. तारांकित प्रश्नाचे उत्तर तयार करायला तलाठ्यापासून तहसीलदार, जिल्हाधिकारी, आयुक्त आणि मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्यापर्यंत फाइल फिरलेली असते. ती मेहनत पटलावर कागद ठेवला जाऊन संपते. हे मनुष्यतास विधिमंडळाच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाहीत.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. विधिमंडळावर होणारा बराच खर्च विधिमंडळाच्या नावावर पडतच नाही.

राज्याच्या अंदाजपत्रकात प्रत्येक विभागाला इंग्रजी अक्षर आहे. गृह म्हणजे बी, सार्वजनिक बांधकाम म्हणजे एच. महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयाची मागणी, म्हणजे खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम, झेडसी-१. तिच्यात प्रधान लेखाशीर्ष (खर्च ज्याखाली नोंदतात तो क्रमांक) २०११ : संसद, राज्य व संघराज्य क्षेत्र विधानमंडळे. त्याखाली उपप्रधान शीर्ष ०२ आणि मग गौण शीर्षे : १०१ विधानसभा, १०२ विधान परिषद, १०३ विधानमंडळ सचिवालय, १०४ आमदार निवास. हा झाला घरचा खर्च. माजी सदस्यांचे निवृत्तिवेतन मात्र प्रधान शीर्ष २०७१ मध्ये, गौण शीर्ष १११ खाली. विधान भवनाची आणि आमदार निवासांची मोठी दुरुस्ती, नवे बांधकाम हे बांधकाम विभागाकडे. बंदोबस्त गृह विभागाकडे. आमदारांचा ५ कोटींचा स्थानिक विकास निधी तर विधिमंडळाचा खर्चच नव्हे. तो नियोजन विभागाच्या तरतुदीतून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. तरीही चौकातल्या गप्पांत तो आमदाराच्या 'पगारात' मिसळला जातो. थोडक्यात, मिनिटाचा भाव काढणाऱ्याने भाजक चुकवलाच, भाज्यही अर्धवट घेतला.

आता राज्यघटनेने याची काय व्यवस्था लावली आहे ते पाहू. अनुच्छेद १८७ म्हणतो की प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल; दोन सभागृहे असतील तिथे दोघांना मिळून सामाईक पदे ठेवता येतील. महाराष्ट्रात दोन्ही सभागृहांचे काम एकच सचिवालय पाहते. या कर्मचाऱ्यांची भरती आणि सेवाशर्ती ठरवायला विधिमंडळाने कायदा करावा आणि तो होईपर्यंत राज्यपालांनी अध्यक्ष किंवा सभापतींशी विचारविनिमय करून नियम करावेत, हेही त्याच अनुच्छेदात आहे. हेतू उघड आहे. ज्या सरकारवर लक्ष ठेवायचे त्याच सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाकडे सभागृहाच्या कारकुनाच्या बढतीची किल्ली असू नये. हे स्वातंत्र्य हवेच. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही.

पण पैशाच्या बाबतीत घटनाकारांनी एक बारीक फरक केला आणि तो फारसा कोणी सांगत नाही. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च, त्यात कर्मचाऱ्यांचे पगारही आले, अनुच्छेद २२९(३) नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे. म्हणजे तो मतदानाला टाकला जात नाही. विधिमंडळाच्या बाबतीत अनुच्छेद २०२(३) ने अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती आणि उपसभापती या चौघांचे वेतन-भत्तेच भारित ठेवले. सचिवालयाचा बाकी सगळा खर्च दत्तमत, म्हणजे सभागृहाने मत देऊन मंजूर करायचा. अंदाजपत्रकात 'भारित' आणि 'दत्तमत' असे वेगळे आकडे असतात, तिथे हे लगेच दिसते. न्यायालयाला जे संरक्षण दिले ते विधिमंडळाने स्वतःसाठी घेतले नाही; आपल्या कार्यालयाचा खर्च आपणच चर्चा करून मंजूर करावा अशी ही रचना आहे.

प्रत्यक्षात चर्चा होत नाही. मागण्यांवरील चर्चेसाठी दिवस ठरतात, त्यात गृह, महसूल, कृषी, शिक्षण येतात; उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मतास टाकल्या जातात आणि विधिमंडळाची मागणी सहसा त्या गठ्ठ्यात असते. लोकसभेत तर सभागृहाच्या स्वतःच्या मागणीवर चर्चा न करण्याचा संकेतच आहे. शिवाय एक पेच आहे. अनुच्छेद २०३ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी मांडता येत नाही, म्हणून ती मांडणार मंत्री. पण त्या मंत्र्याचा सचिवालयावर काडीचा अधिकार नाही. ज्यांचा अधिकार आहे ते अध्यक्ष आणि सभापती आसनावर बसतात, उत्तरे देत नाहीत. लोकसभेच्या नियमांत सचिवालयाविषयीचा प्रश्न अध्यक्षांना खासगी पत्राने विचारावा, सभागृहात नाही, अशीच तरतूद आहे. म्हणजे मागणी मांडणारा जबाबदार नाही आणि जबाबदार असलेला उत्तर देत नाही.

ब्रिटनमध्ये ही गाठ साधेपणाने सोडवली आहे. १९७८ च्या कायद्याने तिथे हाउस ऑफ कॉमन्सचा कारभार पाहायला अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला गेला आणि त्या आयोगाच्या वतीने एक सदस्य सभागृहात प्रश्नांना उत्तरे देतो. उपाहारगृहाचे दर, इमारतीची गळती, कर्मचाऱ्यांचे वेतन, काहीही विचारा. सदस्यांच्या भत्त्यांचा घोटाळा २००९ मध्ये बाहेर आल्यावर भत्ते ठरवण्याचे आणि तपासण्याचे काम सभागृहाबाहेरच्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले. आता प्रत्येक सदस्याचा दावा संकेतस्थळावर दिसतो. त्याने तिथल्या संसदेचे सार्वभौमत्व बुडाले नाही.

स्वतंत्र सचिवालय असले आणि त्यावर नजर नसली की काय होते याचे उदाहरण उत्तराखंडचे. तिथल्या विधानसभा सचिवालयात जाहिरात, परीक्षा काही न घेता केलेल्या २२८ तदर्थ नेमणुका २०२२ मध्ये रद्द कराव्या लागल्या. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ज्यांनी नेमणुका दिल्या त्यांचे काही गेले नाही. हे अमुक एका पक्षाच्या काळात घडले असेही नाही. नेमणुका वेगवेगळ्या वर्षांतल्या होत्या. मूळ दोष असा की सरकारी खात्यात पद निर्माण करायला वित्त विभागाची मान्यता, आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद), लोकसेवा आयोग असे चार अडसर असतात. स्वतंत्र सचिवालयात यातले काही अडसर नसतात किंवा एकाच सहीने दूर होतात. म्हणून तिथे मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, कोणत्या जाहिरातीने भरली, हे दरवर्षी जाहीर होणे इतर खात्यांपेक्षा जास्त गरजेचे. कंत्राटींचा खर्च पगाराच्या रकान्यात येत नाही. तो उद्दिष्ट (खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक) १० कंत्राटी सेवा किंवा २८ व्यावसायिक सेवा यात पाहावा लागतो. ०१ वेतनाचा आकडा घटला आणि १० चा वाढला तर बचत झाली असे समजू नये.

नागपूरचे अधिवेशन हा वेगळा विषय. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन तिथे होते. करोनामुळे २०२० आणि २०२१ ला हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. एक-दोन आठवड्यांच्या कामासाठी सचिवालयाचे दप्तर, प्रतिवेदक (कामकाजाचे शब्दशः टिपण घेणारे), सुरक्षा कर्मचारी, मंत्रालयातील कक्ष असे सगळे बिऱ्हाड हलते. विधान भवन, आमदार निवास, रवी भवन, नाग भवन, मंत्र्यांचे बंगले यांची दरवर्षी डागडुजी होते. हा खर्च किमान चार विभागांत विखुरलेला असतो. अधिवेशन नागपूरला व्हावे की नाही हा राजकीय करार आहे, विदर्भाच्या भावनेचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण 'नागपूर अधिवेशन' असा एकत्रित आकडा सरकारच्या एकाही प्रकाशनात मिळत नाही, हे मात्र खटकते. आपल्या शेजारच्या कर्नाटकातही बेळगावच्या सुवर्ण विधानसौधामुळे हाच प्रश्न आहे.

मनोरा आमदार निवासाचे उदाहरण तर शिकवणीत लावावे असे आहे. जुनी इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली आणि मुंबईत खोली न मिळालेल्या सदस्यांना दरमहा १ लाख रुपये घरभाडे सुरू झाले. नवी इमारत बांधायला उशीर झाला की भुर्दंड कोणावर? बांधकामाचा विलंब एका विभागाकडे, भाड्याचे बिल दुसऱ्याकडे. समजा १०० सदस्यांना भाडे जाते, तर महिन्याला १ कोटी, वर्षाला १२ कोटी. निविदा, पुनर्निविदा यांत एक वर्ष गेले तर बांधकाम विभागाच्या वहीत काहीच उमटत नाही आणि विधिमंडळाच्या वहीत १२ कोटी उमटतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय उशिराची किंमत कळत नाही.

निवृत्तिवेतनाविषयी बोलणे लोकप्रिय आहे, म्हणून थोडक्यातच. २०१६ च्या दुरुस्तीने माजी सदस्याला दरमहा ५०,००० रुपये आणि पहिल्या पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षाला २,००० रुपये ठरले. २५ वर्षे सदस्य असलेल्याला म्हणून ९०,००० होतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने फिरले, हे आपल्या जिल्ह्यात पोराबाळांना माहीत आहे; पण एकाच्या साधेपणावर कायदा बेतता येत नाही. पंजाबने २०२२ मध्ये 'एक आमदार, एक निवृत्तिवेतन' असा कायदा केला. संसदेने सदस्यांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाशी जोडले, त्यामुळे एप्रिल २०२३ पासून ते १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले. वाढ हवी की नको यापेक्षा, ती आपणच आपल्याला शेवटच्या दिवशी चर्चेविना द्यायची की ठरलेल्या सूत्राने व्हायची, हा प्रश्न आमच्या मते मोठा आहे.

आता सोलापूरशी थेट संबंध असलेल्या गोष्टीकडे येतो : समित्यांचे दौरे.

लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती, अनुसूचित जाती कल्याण समिती अशा समित्या जिल्ह्यात येतात. काम मोलाचे आहे. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेचे स्थानिक निधी लेखापरीक्षा अहवाल आणि वार्षिक प्रशासन अहवाल घेऊन बसते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष नोंदवते, नंतर खात्याच्या सचिवांना मुंबईत बोलावते. वर्षानुवर्षे पडून असलेले लेखाआक्षेप या धाकाने निकाली निघतात. आक्षेपातल्या अग्रिमाच्या (आगाऊ दिलेल्या रकमेच्या) वसुलीला वेग येतो तो समितीच्या तारखा लागल्यावरच, हे जिल्हा परिषदेत काम केलेला कोणीही सांगेल.

दौरा ठरला की सचिवालयाचे पत्र आणि प्रश्नावली जिल्हाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे येते. समन्वय अधिकारी नेमला जातो. सात रस्त्यावरच्या शासकीय विश्रामगृहातील कक्ष आरक्षित होतात. ते पुरत नाहीत, मग हॉटेल. सदस्य वीस-पंचवीस, सोबत सचिवालयाचे अधिकारी, प्रतिवेदक, स्वीय सहायक, चालक, अंगरक्षक. अकरा तालुक्यांत जायचे तर गट पाडतात. प्रत्येक गटाला तीन-चार गाड्या, मार्गदर्शक अधिकारी, वैद्यकीय पथक. प्रश्नावलीच्या उत्तरांचे संच छापायचे. समजा संच ३०० पानांचा आणि प्रती ४०, तर १२,००० पाने झाली. शेवटच्या रात्री एका रकान्यात बेरीज चुकली म्हणून पुन्हा छापली तर दुप्पट. दौरा म्हटला की पंढरपूर आणि अक्कलकोट वाटेत येणारच. तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात आहे, पण तेही कधी कधी वाटेत येते.

याचे पैसे कोण देते? सदस्यांचा प्रवास आणि दैनिक भत्ता सचिवालय देते, लेखाशीर्ष २०११ मधून. तिथे नियम आहेत, देयक आहे, मुंबईच्या अधिदान व लेखा कार्यालयाची तपासणी आहे. गडबड बाकीच्यात आहे. गाड्या निरनिराळ्या कार्यालयांच्या, इंधन त्या त्या कार्यालयाच्या उद्दिष्ट २४ पेट्रोल, तेल व वंगण मधून. लॉगबुकात 'कार्यालयीन काम' एवढेच लिहिले की दौऱ्याचा मागमूस राहत नाही. छपाई उद्दिष्ट १३ कार्यालयीन खर्चातून; म्हणून मार्चअखेर त्याच कार्यालयात दौतीपासून दिव्यापर्यंत चणचण. जेवणाला तर लेखाशीर्षच नाही. जिल्हा परिषदेने स्वीय निधीतून (स्वतःच्या उत्पन्नातून) करावे तर पुढच्या वर्षीचा लेखापरीक्षक आक्षेप घेणार आणि तो आक्षेप कोणापुढे जाणार? त्याच पंचायत राज समितीपुढे! म्हणून कोणी कागदावर आणत नाही. जिथे लेखाशीर्ष नसते तिथे वर्गणी उगवते. खात्यामागे अमुक, तालुक्यामागे तमुक. देणारा ती स्वतःच्या पगारातून देत नाही, हे वेगळे सांगायला नको. तो कुठल्या तरी ठेकेदाराच्या बिलातून ती वसूल करतो आणि शेवटी शाळाखोलीच्या फरशीत किंवा रस्त्याच्या डांबरात ती कमी पडते.

मे २०२५ मध्ये अंदाज समितीच्या दौऱ्यादरम्यान धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातील एका खोलीत मोठी रोकड सापडली आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. ती रक्कम कोणाची आणि कशासाठी हे तपासाने ठरेल, त्यावर आम्ही बोलणार नाही. मात्र दौऱ्याच्या पाहुणचाराचा अधिकृत, छापील हिशेब असता तर संशयाला एवढी मोकळी जागा राहिली नसती.

उपाय अवघड नाही, लेखासंहितेतच आहे. दौरा निश्चित होताच सचिवालयाने निवास, भोजन, स्थानिक वाहने आणि छपाईसाठी अंदाजित रक्कम ठरवून ती जिल्ह्यातील एका आहरण व संवितरण अधिकाऱ्याला (कोषागारातून रक्कम काढून देणाऱ्या अधिकाऱ्याला) बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित करावी. त्याने संक्षिप्त देयकाने (पावत्या नंतर जोडायच्या बिलाने) ती काढावी आणि मुदतीत तपशीलवार देयक पावत्यांसह महालेखापालांकडे पाठवावे. न खर्चलेली रक्कम चलनाने परत. भोजनाचा प्रतिव्यक्ती प्रतिदिन दर आधी जाहीर करावा आणि सोबत येणाऱ्यांची संख्या पत्रातच लिहावी. कारण खर्च फुगतो तो सदस्यांमुळे कमी आणि सोबतच्या गर्दीमुळे जास्त. प्रश्नावलीची उत्तरे ई-मेलने घ्यावीत, छापील संच फक्त अध्यक्ष आणि अभिलेखासाठी. हिमाचल प्रदेशची विधानसभा २०१४ पासून कागदाविना चालते. आपल्या समितीला ४० संच कशाला? आणि समितीचा अहवाल सभागृहाला सादर होईल तेव्हा शेवटच्या पानावर दौऱ्याचा खर्च असावा : दिवस, व्यक्ती, रक्कम, लेखाशीर्ष. दुसऱ्याच्या अग्रिमाची विचारणा करणाऱ्या समितीला स्वतःचे एक पान जड जाऊ नये.

ज्यांना हे आकडे स्वतः पाहायचे आहेत त्यांच्यासाठी दोन मार्ग. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर दरवर्षीची अंदाजपत्रकीय प्रकाशने असतात. त्यात विधानमंडळ सचिवालयाची पुस्तिका काढून मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचे मूळ आणि सुधारित अंदाज व पुढील वर्षाचा अंदाज एका ओळीत वाचावा. मूळ अंदाज कमी ठेवून डिसेंबरच्या पूरक मागणीत रक्कम वाढवलेली आहे का, हे त्यात कळते. वर्ष संपल्यावर महालेखापरीक्षकांचे विनियोजन लेखे येतात. प्रत्येक अनुदानापुढे ओ, एस आणि आर अशी अक्षरे दिसतील : मूळ तरतूद, पूरक तरतूद आणि पुनर्विनियोजन (एका शीर्षातून दुसऱ्यात वळवलेली रक्कम). शेवटच्या रकान्यात बचत किंवा जादा खर्च. पूरक मागणी घेऊनही शेवटी बचतच राहिली असेल तर पूरक मागणी गरजेची नव्हती, असा त्याचा सरळ अर्थ. विधिमंडळाच्या बाबतीत बचत बहुधा रिक्त पदांमुळे दिसते, कारण वेतनाची तरतूद मंजूर पदांवर मागितली जाते. ही काटकसर नव्हे.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. २००५ च्या कायद्यात विधानसभेचे अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती हे त्यांच्या सभागृहांपुरते 'सक्षम प्राधिकारी' आहेत; शुल्काचे नियम ते करतात, म्हणून अर्जापूर्वी तेवढे पाहून घ्यावे. 'दौऱ्याचा एकूण खर्च द्या' असे लिहिले की 'या स्वरूपात माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर ठरलेले. त्याऐवजी दौऱ्याच्या तारखा देऊन त्या काळातील प्रवास भत्ता देयके, मंजुरी आदेश आणि तपशीलवार देयकांच्या प्रती मागाव्यात. स्थानिक बाजूसाठी त्याच तारखांची वाहनांची लॉगबुके जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेकडे वेगळ्या अर्जाने. कलम ८(१)(ग) दाखवून विशेषाधिकाराचे कारण पुढे केले गेले तर लक्षात ठेवावे की समितीपुढची साक्ष अहवाल येईपर्यंत गोपनीय असू शकते, चहा-जेवणाची पावती नव्हे. कलम ८(१) मध्ये २०२५ पर्यंत एक परंतुक होते : जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. ते परंतुक आता उरले नसले तरी त्यामागचे तत्त्व विधिमंडळाने स्वतःला लावून घ्यायला काय हरकत आहे?

माहिती बाहेर आली की बदल होतो, याचा दाखला संसदेच्या उपाहारगृहाचा. तिथल्या अनुदानाचे आकडे माहिती अधिकारातून छापून आले, गवगवा झाला. जानेवारी २०१६ पासून दर वाढवले गेले आणि २०२१ मध्ये अनुदान बंदच झाले. कोणी उपाशी राहिले नाही.

जिल्ह्यातील अकराही आमदारांना आमची विनंती आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कामकाज सल्लागार समितीकडे झेडसी-१ या मागणीसाठी अर्धा दिवस मागावा आणि उत्तराची जबाबदारी विधानसभेत उपाध्यक्षांकडे द्यावी. ते आसनावर नसताना सदस्यच असतात, त्यामुळे नियमाला धक्का लागत नाही. त्या चर्चेपूर्वी सचिवालयाने एक तक्ता पटलावर ठेवावा, ज्यात २०११, २०७१, बांधकाम, बंदोबस्त, नागपूर आणि समिती दौरे यांचे आकडे, मंजूर-रिक्त-कंत्राटी पदांसह, शेजारी शेजारी असतील. आणि यापुढे कोणतीही समिती सोलापुरात आली तर जिल्हाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी दौरा संपल्यापासून तीस दिवसांत आपापल्या कार्यालयाने केलेला खर्च लेखाशीर्षासह संकेतस्थळावर टाकावा. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार ते आजच करता येते.

आपले,
जिल्हा परिषद, कोषागार व लेखापरीक्षण कार्यालयांतील काही निवृत्त लेखा कर्मचारी,
सोलापूर